चालत्या पट्ट्याकडे हात का जातो?

कन्व्हेयरची, म्हणजे माल वाहून नेणाऱ्या चालत्या पट्ट्याची, सुरक्षा-तपासणी हा माझ्या नेहमीच्या कामाचा भाग आहे आणि या कामाबद्दल माझे एक मत आता पक्के झाले आहे. गार्ड, म्हणजे धोक्याच्या भागावरचे संरक्षक आवरण, जागेवर आहे की नाही एवढेच पाहून परतणारी तपासणी अर्धवट राहते. माणसाचा हात चालत्या पट्ट्याजवळ नेमका कोणत्या कामासाठी जातो, हे शोधून काढणे हा तपासणीचा गाभा आहे. पट्ट्यावर काम करणाऱ्या कोणालाही हात गमवायचा नसतो. तो हात तिथे जातो, कारण काहीतरी अडकलेले असते, काहीतरी सांडलेले असते किंवा पट्टा एका बाजूला सरकलेला असतो. आणि पट्टा थांबवला तर पुढचे सगळे काम खोळंबेल, ही काळजी त्या माणसाच्या डोक्यावर असते. ते कारण जोवर तसेच आहे, तोवर नवा कोरा गार्ड बसवला तरी काही दिवसांत तो बाजूला काढून भिंतीला टेकवलेला दिसतो.

प्रेस, करवत किंवा लेथजवळ उभे राहिले की धोका डोळ्यांना दिसतो. कन्व्हेयरचे तसे नाही. तो तासन्‌तास एकाच गतीने, एकाच आवाजात सरकत राहतो आणि त्याच्या शेजारून रोज ये-जा करणाऱ्या माणसाच्या मनातली भीती हळूहळू विरून जाते. पट्ट्याच्या मोकळ्या, सपाट भागाला चुकून हात लागला तर बहुधा खरचटण्यावर निभावते, त्यामुळे सगळे यंत्रच निरुपद्रवी असल्याचा समज होतो. खरा धोका काही ठरावीक जागी दडलेला असतो. पट्टा जिथे पुलीला भिडून तिच्याभोवती वळतो, तिथे दोन पृष्ठभाग एकमेकांच्या जवळ येत जातात आणि मधली फट निमुळती होत शून्यावर येते. कारखान्यात या जागेला निप पॉइंट म्हणतात. त्या फटीत बोट, बाही, हातमोजा, केस किंवा हातातल्या फडक्याचे टोक सापडले की पट्टा ते आपल्याच गतीने आत खेचतो, आणि त्यामागे मोटर व गिअरबॉक्सचे बळ असल्यामुळे माणसाच्या ओढाताणीचा काहीही उपयोग होत नाही.

हे किती झटपट घडते, याचा हिशेब प्रत्येक नव्या कामगारासमोर मांडला जावा असे मला वाटते. पट्ट्याची गती सेकंदाला दीड मीटर धरू. अनेक कारखान्यांत पट्टे याहून वेगाने धावतात. हात अडकल्याची जाणीव होऊन स्नायूंनी हालचाल करायला अर्धा सेकंद लागला असे मानले, तर तेवढ्यात पट्टा ७५ सेंटीमीटर पुढे गेलेला असतो. प्रौढ माणसाचा हात बोटांच्या टोकापासून खांद्यापर्यंत साधारण तेवढाच भरतो. ‘मी सावध असतो, वेळेवर हात काढून घेईन’ हा भरवसा या हिशेबापुढे टिकत नाही, आणि म्हणूनच सावधगिरीच्या सूचना लावून गार्डची उणीव भरून काढता येत नाही.

निप पॉइंट म्हटला की बहुतेकांना माल उतरतो त्या टोकाची हेड पुली आणि माल चढतो त्या टोकाची टेल पुली आठवतात. तपासणी करणाऱ्याने त्यापुढे जायला हवे. पट्ट्याचा पुलीला अधिक वेढा बसावा म्हणून लावलेली स्नब पुली, दिशा बदलणाऱ्या बेंड पुल्या, ताण राखणाऱ्या वजनाजवळची टेक-अप पुली, मोटर आणि गिअरबॉक्समधले कपलिंग, चेन आणि स्प्रॉकेट या सगळ्या जागा तितक्याच घातक आहेत. रोलरांबाबत तर फारच गैरसमज आढळतो. मोकळ्या जागी पट्टा रोलरवरून थोडा उचलला जाऊ शकतो, म्हणून तिथे बोट गेले तरी काही वेळा निभावते. परंतु माल कडेने सांडू नये म्हणून लावलेल्या स्कर्ट रबराखाली, चूटच्या म्हणजे माल खाली सोडणाऱ्या घसरणीच्या तोंडाखाली किंवा पट्टा चढावरून सपाटीला येताना जिथे तो ताणाने रोलरवर दाबला जातो, तिथे पट्ट्याला वर उचलायला वावच नसतो आणि तो साधा रोलरही पुलीइतकाच निर्दय होतो. पट्टा माल टाकून मागे येतो त्या परतीच्या बाजूचे रोलर डोक्याच्या किंवा खांद्याच्या उंचीवर असतील आणि त्यांच्याखालून झाडलोट करण्याची पद्धत असेल, तर त्यांची गणना याच यादीत व्हायला हवी.

तपासणीचा पहिला भाग पट्टा चालू असतानाच करावा लागतो. या वेळी काम फक्त डोळ्यांचे आणि कानांचे असते. हात खिशात नसले तरी अंगालगत असावेत, बाह्या बंद असाव्यात, ओळखपत्राची दोरी गळ्यात लोंबत नसावी आणि गार्डच्या आत डोकावण्याचा मोह आवरावा. मी मुद्दाम माल जिथे पट्ट्यावर पडतो तिथून सुरुवात करतो आणि मालाबरोबर पुढे चालत जातो. पट्टा रोलरांच्या मध्यावरून धावतो आहे की एका काठाकडे झुकला आहे, काठाचे धागे सुटून लोंबताहेत का, जोड पुलीवरून जाताना ठक्क असा आवाज करतो का, हे त्या चालण्यात समजते. धातूच्या क्लिपांनी केलेल्या जोडाची एखादी क्लिप उभी राहिलेली असेल तर ती स्क्रॅपरला, म्हणजे पट्टा खरवडून साफ करणाऱ्या पात्याला, धक्के देते, आणि पट्ट्याच्या कडेने काम करणाऱ्याच्या हातमोज्यात अडकून त्याला पुलीकडे नेऊ शकते. व्हल्कनाइझ करून, म्हणजे रबर एकजीव करून केलेल्या जोडात हा धोका नसतो, मात्र तो सुटू लागला तर त्याचे टोक असेच उघडे पडते. बेअरिंग गेलेला रोलर आवाजावरून ओळखू येतो, पूर्ण अडकलेला रोलर मात्र गप्प असतो. त्याच्यावरून पट्टा घासत राहतो, रोलरचे कवच पातळ होत जाते आणि शेवटी त्याची कड सुरीसारखी धारदार होते. म्हणून आवाज नाही म्हणजे सगळे ठीक, असे धरून पुढे जाऊ नये. प्रत्येक रोलर फिरताना दिसला पाहिजे.

चालू तपासणीत मी जमिनीकडेही तेवढेच लक्ष देतो. पट्ट्याखाली पडलेला ढीग कुठे आहे, किती उंच आहे आणि तो कोणत्या बाजूने सारखा केला जातो, हे पाहिले की इथे फावडे घेऊन कोण, कुठून वाकतो हे समजते. धुळीत उमटलेली पावले, एका ठिकाणी हात टेकून टेकून चकचकीत झालेली चॅनेलची कड, रंग उडालेला पायरीसारखा एखादा आडवा अँगल, ही सारी माणसाच्या वावराची निशाणी असते. नकाशावर जिथे रस्ता नाही तिथे पायवाट पडली असेल, तर ती का पडली हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आता गार्डविषयी. गार्ड आहे की नाही हा सर्वांत सोपा प्रश्न आहे आणि चेकलिस्टवर तेवढाच असतो. त्याच्या बोल्टकडे पाहिले की बरेच जास्त कळते. चारपैकी एकच बोल्ट लावलेला असेल आणि बाकीच्या तीन भोकांतून बांधणीची तार ओवलेली असेल, तर तो गार्ड वारंवार निघतो आहे. बोल्टचे डोके पान्याने घासून गोलाकार झाले असेल, आजूबाजूची सगळी पत्रे धुळीने माखलेली असताना तेवढाच गार्ड बोटांच्या ठशांनी स्वच्छ दिसत असेल, तरीही अर्थ तोच. अशा वेळी ‘गार्ड नीट बसवा’ एवढाच शेरा लिहून जाणे मला पटत नाही. गार्ड का काढावा लागतो, याचे उत्तर मिळेपर्यंत तिथेच थांबावे.

एका तपासणीत मला टेल पुलीजवळच्या खांबामागे एक सळई सापडली. सुमारे हातभर लांबीची, एका टोकाला ठोकून आकड्यासारखी वाकवलेली, आणि धरायच्या टोकाला रबरी नळीचा तुकडा काळजीपूर्वक बसवलेला. ती कोणी घाईघाईने केलेली वस्तू नव्हती. नळीचा तुकडा हाताच्या घामाने काळा पडला होता आणि आकड्याचे टोक झिजून उजळले होते. सफाईवर असलेल्या कामगाराला विचारले तेव्हा आधी तो गप्प राहिला, कोणावर कारवाई होणार नाही अशी खात्री दिल्यावर म्हणाला, “साहेब, ही नसेल तर पाळी निघत नाही. परतीच्या रोलरवर माल चिकटतो, रोलर जाडा होतो, मग पट्टा बाजूला पळतो. दर दोन-तीन तासांनी खरवडावंच लागतं.” तो हे काम पट्टा चालू ठेवून करत होता, कारण पट्टा थांबला की मागचे तीन कन्व्हेयर आपोआप थांबत आणि कंट्रोल रूममधून लगेच विचारणा होई. सळईचे टोक रोलर आणि पट्ट्याच्या फटीत सापडले असते, तर ती त्याच्या मुठीतून सुटण्याआधी मूठ आत गेली असती.

त्या सळईचा मागोवा उलट दिशेने घेतला की सगळी साखळी उलगडते. रोलरवर माल चिकटत होता, कारण परतीच्या पट्ट्यावर माल उरत होता. माल उरत होता, कारण हेड पुलीवरच्या स्क्रॅपरचे पाते झिजून पट्ट्यापासून सुटले होते. पाते बदललेले नव्हते, कारण ते बदलायला चूटचे झाकण काढावे लागे, त्याला पट्टा निदान काही वेळ बंद ठेवणे भाग होते आणि तेवढा बंद वेळ कोणी मंजूर करत नव्हते. म्हणजे टेल पुलीजवळ हात जाण्याचे कारण पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला होते, आणि गार्डची तपासणी कितीही कसोशीने केली असती तरी ते तिथे सापडले नसते. तेव्हापासून स्क्रॅपरचे पाते, स्कर्ट रबराची फट, चूटमधला माल पट्ट्याच्या मध्यावर पडतो की काठावर, या गोष्टी मी सुरक्षेच्या तपासणीतच मोजतो. देखभाल विभागातल्या काही मंडळींना हा त्यांच्या कामातला हस्तक्षेप वाटतो. मला तो वाटत नाही. सांडलेला माल हे कन्व्हेयरवरच्या अपघाताचे बी आहे, आणि माल सांडू न देणारी प्रत्येक दुरुस्ती एखाद्या माणसाचे पट्ट्याजवळ वाकणे वाचवते.

त्याच न्यायाने गार्डची रचना अशी हवी की रोजचे काम गार्ड न काढता होईल. बेअरिंगला ग्रीस द्यायचे असेल तर निपलपासून नळी काढून तिचे टोक गार्डच्या बाहेर आणता येते. पट्टा मध्यावर आणण्यासाठी टेल पुलीचे स्क्रू फिरवावे लागत असतील तर ते स्क्रू बाहेरून फिरतील इतके लांब करता येतात. आत काय चालले आहे हे दिसावे म्हणून पत्र्याऐवजी जाळी लावता येते. गार्ड इतका जड नसावा की तो उचलायला दोन माणसे लागतील, आणि तो काढायला अवजार लागावे. हाताने फिरवायच्या नटावर बसवलेला गार्ड म्हणजे उघडा दरवाजा. बोल्ट गार्डलाच अडकून राहतील अशी सोय केली, तर ते हरवण्याचा आणि मग तारेने बांधण्याचा प्रश्नच उरत नाही.

जाळी लावली म्हणजे झाले, असेही नाही. आयएसओ १३८५७ हे मानक जाळीच्या छिद्राचा आकार आणि धोक्याच्या जागेपासून तिचे अंतर यांची सांगड घालून देते. चौकोनी छिद्र १० मिलिमीटरपेक्षा मोठे आणि १२ मिलिमीटरपर्यंत असेल तर जाळी निप पॉइंटपासून किमान ८० मिलिमीटर दूर हवी. छिद्र २० ते ३० मिलिमीटरच्या दरम्यान असेल तर किमान १२० मिलिमीटर, आणि ३० ते ४० असेल तर २०० मिलिमीटर, कारण तेवढ्यातून बोटेच काय, हातही आत शिरतो. गंभीर धोक्याची जागा केवळ उंचावर आहे म्हणून सुरक्षित मानायची असेल, तर ती उभ्या राहण्याच्या जागेपासून २७०० मिलिमीटर किंवा अधिक उंच असावी लागते. इथे एक बारकावा नेहमी निसटतो. सांडलेल्या मालाचा ढीग वाढला की माणूस त्या ढिगावर उभा राहतो आणि मूळची उंची तेवढीच कमी होते. आराखड्यात सुरक्षित असलेला रोलर प्रत्यक्षात हाताच्या टप्प्यात येतो. म्हणून माझ्याकडे टेप आणि छिद्र मोजायची एक साधी पट्टी कायम असते, आणि माप मी माणूस जिथे खरोखर उभा राहतो तिथूनच घेतो.

पुल कॉर्ड, म्हणजे कन्व्हेयरच्या कडेने ताणलेली आणीबाणीची दोरी, ही तपासणीतली अशी गोष्ट आहे की जिच्यावर प्रत्येकाचा विश्वास असतो आणि जी ओढून मात्र क्वचितच पाहिली जाते. दोरी आहे हे दिसते. ती ओढल्यावर पट्टा थांबतो हे ओढल्याशिवाय कळत नाही. मी स्विचच्या अगदी जवळ ओढून समाधान मानत नाही. दोन आधारांच्या मध्ये, स्विचपासून सर्वांत लांबच्या टोकाला, वळणावरच्या कप्पीपलीकडे, आणि जमिनीवर पडलेल्या माणसाचा हात जितका पोहोचेल तितक्या उंचीवरून ओढून पाहावे लागते. आयएसओ १३८५० नुसार दोरीला काटकोनात ओढताना लागणारा जोर २०० न्यूटनपेक्षा आणि दोरीचे सरकणे ४०० मिलिमीटरपेक्षा कमी असावे. सैल पडलेली दोरी हात लांबवर नेला तरी स्विच फिरवत नाही. आणि ज्याचा दुसरा हात पट्ट्यात आहे, त्याच्याकडे दोरी गोळा करत बसायला वेळ नसतो. दोरी तुटली किंवा निसटली तरी पट्टा थांबलाच पाहिजे, नाहीतर ती तुटलेली आहे हे अपघाताच्या क्षणीच कळेल. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी माणसांची ये-जा असेल तर दोरीही दोन्ही बाजूंना हवी. दोरीवर ओले फडके वाळत घातलेले किंवा तिला वायर बांधलेली दिसली, तर ती तिथल्या तिथे काढून टाकावी.

दोरी ओढल्यावर पट्टा थांबला तरी तपासणी तिथे संपत नाही. थांबायला किती वेळ लागला, हे मोजायचे असते. सेकंदाला २ मीटर गतीचा पट्टा एकसारखा मंदावत ४ सेकंदांनी थांबत असेल तर तेवढ्यात तो ४ मीटर सरकतो. आणीबाणीची दोरी अंग आत जाणे रोखू शकत नाही, फार तर इजा आणखी वाढू देत नाही. ज्यांना वाटते की पुल कॉर्ड आहे म्हणून गार्ड नसला तरी चालेल, त्यांना हे मोजमाप प्रत्यक्ष दाखवावे. पट्टा भरलेला असताना आणि रिकामा असताना थांबण्याचा वेळ वेगळा येतो, म्हणून दोन्ही स्थितींत मोजावे. त्यानंतर स्विच पूर्ववत करून पाहावा: स्विच मोकळा केला म्हणून पट्टा आपणहून सुरू होता कामा नये, सुरू करण्याची आज्ञा वेगळी आणि जाणीवपूर्वक दिली गेली पाहिजे. सुरू होण्याआधी हूटर वाजतो का, तो कन्व्हेयरच्या दूरच्या टोकाला त्या गोंगाटात ऐकू येतो का, आणि हूटर व पट्टा हलणे यांच्यामध्ये माणसाला बाजूला होण्याइतका वेळ आहे का, हेही त्याच फेरीत उरकता येते.

दुसरा भाग बंद पट्ट्याचा. इथे ‘बंद’ या शब्दाबद्दल तडजोड नको. स्टॉपचे बटण दाबलेले, पुल कॉर्ड ओढलेली किंवा कंट्रोल रूमला फोनवर सांगितलेले, यांपैकी काहीही बंद म्हणवत नाही. आजकाल बहुतेक कन्व्हेयर एकमेकांशी जोडलेले असतात. पुढची लाइन रिकामी झाल्याचा सेन्सरचा संकेत आला की मागचा पट्टा कोणीही बटण न दाबता चालू होतो. म्हणून पॅनेलवरचा आयसोलेटर, म्हणजे वीज तोडणारा स्विच, खाली करून त्याला कुलूप घालावे, नावाचा टॅग लावावा आणि किल्ली ज्याची त्याच्याच खिशात राहावी. चार माणसे काम करत असतील तर चार कुलपे लागतात. फिटरचे कुलूप आहे म्हणून हेल्परने स्वतःचे न लावणे, ही फार रुळलेली आणि फार वाईट सवय आहे. कुलूप लावल्यावर सुरू करण्याचे बटण दाबून खात्री करावी, कारण पॅनेलवरची नावे आणि जागेवरची यंत्रे यांचा मेळ नसणे मी पाहिले आहे. ब्रेकरवर एका कन्व्हेयरचा क्रमांक होता आणि वीज शेजारच्या कन्व्हेयरची बंद झाली.

वीज तोडली तरी कन्व्हेयरमध्ये शक्ती शिल्लक असते, हे ध्यानात घ्यावे लागते. ताण राखण्यासाठी टांगलेले वजन कित्येकदा टनांच्या घरातले असते. पट्टा कापला किंवा जोड सोडला की ते खाली येते, आणि पट्ट्याचे सुटे टोक फटक्यासारखे मागे जाते. चढावरचा भरलेला पट्टा, उलटे फिरणे रोखणारा होल्डबॅक निकामी असेल तर, मालाच्या वजनाने उलटा धावू लागतो. पट्ट्याला पीळ पडून ताण साठलेला असतो, चूटमध्ये अडकलेला माल टोचताक्षणी कोसळू शकतो, वायूच्या दाबावर चालणारे गेट दाब उरला असेल तर आपटते. वजनाला आधार देऊन अडकवणे, पट्टा क्लॅम्प करणे आणि हवेचा दाब सोडणे हे सगळे झाल्यावरच हात लावायला परवानगी द्यावी. वजन ज्या जागी खालीवर होते तिथे चारी बाजूंनी कुंपण आहे का, हे मी प्रत्येक वेळी पाहतो, कारण ती जागा सावलीची आणि शांत असते आणि विश्रांतीला बसायला लोक नेमके तिथे जातात.

पॅकिंग विभागातले लहान कन्व्हेयर अनेक तपासण्यांत गाळले जातात, आणि याबद्दल मला खरोखर खंत वाटते. मोटर छोटी, पट्टा अरुंद, माल हलका, म्हणून तिथे धोका नाही असे धरले जाते. प्रत्यक्षात माणूस सर्वांत जास्त वेळ याच पट्ट्यांच्या सर्वांत जवळ असतो, आणि बहुधा बसून किंवा वाकून काम करत असतो. एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर माल जाताना मधली फट, पट्टा आणि टेबलाची पट्टी यांच्यामधली जागा, चालत्या रोलरांमधला खळगा, इथे बोटे जातात. दोन भाग एकमेकांकडे सरकत असताना शरीर चिरडले जाऊ नये म्हणून किमान किती जागा हवी, याची मापे आयएसओ १३८५४ मध्ये आहेत: बोटासाठी २५ मिलिमीटर, मुठीसाठी १००, दंडासाठी १२०, डोक्यासाठी ३०० आणि पूर्ण शरीरासाठी ५००. आत खेचणाऱ्या निप पॉइंटला मात्र ही मापे लावू नयेत, तिथे पोहोचच बंद करावी लागते. काही रोलर कन्व्हेयरवर टोकाचा रोलर बोट आत गेल्यास खाचेतून वर उचलला जाईल असा बसवलेला असतो. तो सारखा निसटतो म्हणून कोणी दोन्ही बाजूंनी बोल्टने आवळून टाकला आहे का, हे हाताने उचलून पाहण्यासारखे आहे, अर्थातच कुलूप लावल्यावर. लांब केस, सैल बाह्या आणि अंगठ्या यांबद्दलची शिस्त मोठ्या पट्ट्यांवर पाळली जाते आणि इथे मात्र ढिली पडते. हातमोज्यांचा विचारही वेगळा करावा लागतो. खरबरीत पुठ्ठ्यापासून हात वाचवणारा जाड हातमोजा निप पॉइंटजवळ हात ओढून नेणारा ठरतो.

पट्टा ओलांडणे हा प्रश्न बाहेरून किरकोळ वाटतो. ओलांडायला पूल फार लांब असेल तर लोक पट्ट्यावर पाय देऊन किंवा खालून वाकून जाणारच, मग कितीही फलक लावा. तपासणीत पूल आहे एवढे लिहून भागत नाही. पूल योग्य जागी आहे का, त्याच्या पायऱ्या तेलकट आहेत का, कठडा हलतो का, आणि त्या भागात रात्री उजेड किती असतो हे पाहावे. आगीचा धोकाही याच फेरीत तपासावा, कारण पुलीवर घसरणारा पट्टा, अडकलेला रोलर आणि ढिगात गाडला गेलेला परतीचा रोलर हे तिन्ही घर्षणाने तापतात. पट्टा घसरल्याचे ओळखणारा झिरो स्पीड स्विच आणि बाजूला पळाल्याचे ओळखणारा ड्रिफ्ट स्विच जागेवर असून कोणी त्यांना बायपास केलेले नाही ना, हे पॅनेलमधल्या तारा पाहून खात्री करून घ्यावे.

तपासणी दिवसपाळीतच करण्याचा रिवाज आहे आणि तो बदलायला हवा. रात्री माणसे कमी असतात, देखभालीचा फिटर दुसऱ्या टोकाला असतो, सुपरवायझरच्या डोक्यावर सकाळपर्यंतचा आकडा असतो, आणि गार्ड काढून काम उरकण्याचा मोह याच वेळी सर्वाधिक असतो. सफाईचे काम बऱ्याचदा कंत्राटी कामगारांकडे असते. पट्ट्याच्या सर्वांत जवळ तेच जातात आणि बैठकीला त्यांनाच बोलावले जात नाही. मी त्यांना एवढेच विचारतो की या पाळीत सर्वांत जास्त त्रास कुठल्या जागी होतो. सुरक्षा हा शब्द काढला की लोक शिकवलेली उत्तरे देतात. त्रासाबद्दल विचारले की स्क्रॅपर, चूट, वाकडा पट्टा, न ऐकू येणारा हूटर असे सगळे एकामागून एक बाहेर येते.

नोंदवहीत मी ‘गार्ड सैल आढळला’ असे लिहिणे बंद केले आहे. त्याऐवजी कन्व्हेयरचा क्रमांक, कोणत्या बाजूची कोणती पुली, गार्ड कशासाठी काढला जातो, ते काम किती वेळाने करावे लागते, त्यामागचे मूळ कारण, दुरुस्ती कोण आणि कोणत्या तारखेपर्यंत करणार, आणि तोवर पट्टा चालवायचा की नाही, असे सात रकाने केले आहेत. शेवटचा रकाना भरताना सर्वांत जास्त वाद होतो. उघड्या निप पॉइंटजवळ माणसाला जावे लागते आहे हे लिहून झाल्यावर त्याच ओळीत ‘चालू ठेवावा’ असे लिहायला सही करणाऱ्याचा हात अडखळतो, आणि तो अडखळावा म्हणूनच तो रकाना ठेवला आहे. त्या कामगाराची सळई मी जप्त केली नव्हती. स्क्रॅपरचे नवे पाते बसले, चूटला बाजूने उघडणारे झाकण केले, आणि पुढच्या फेरीत तो स्वतःच म्हणाला की आता खरवडायला काही उरत नाही. परतीचे रोलर मी तेव्हा बॅटरीच्या उजेडात एकेक करून पाहिले. त्यांतल्या दोनांवर अजूनही पातळ थर होता, म्हणून पात्याचा दाब पुन्हा तपासण्याची नोंद टाकली.